ओआरएफ ३बी : एक नाव, दोन जनुके आणि माझे तीन आठवडे

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सार्स-कोव्ह-२ या कोविडच्या विषाणूतील एकमेकांत गुंतलेल्या (म्हणजे तीच अक्षरे वेगळ्या ठिकाणापासून वाचून बनणाऱ्या) जनुकांचा तक्ता करायला घेतला, तेव्हा त्याचा २९,९०३ जनुकीय अक्षरांचा संदर्भक्रम, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण मानलेला क्रम, उतरवून घेण्याचे काम एका दुपारीच उरकले.

अडले ते ‘ओआरएफ ३बी’ या नावापाशी (ओआरएफ म्हणजे प्रथिन म्हणून वाचता येईल असा अक्षरांचा सलग पट्टा). एका शोधनिबंधानुसार हे २२ अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीचा इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरोधी प्रथिनाचा, इशारा दाबते, तर दुसऱ्यात याच नावाच्या प्रथिनाविरुद्ध हाँगकाँगच्या कोविड रुग्णांच्या रक्तात ठळक प्रतिपिंडे आढळल्याचे लिहिले होते. मी दोन्ही निष्कर्ष एकाच ओळीत भरले आणि लांबी जुळेना म्हणून तीन आठवडे स्वतःच्याच आज्ञावलीत चूक शोधत बसले. शेवटी मार्गदर्शक मॅडमनी विचारले, “नावे जुळवलीस, पण जागा जुळवून पाहिल्यास का?” पाहिल्यावर उलगडले, की २२ आम्लांचे जनुक २५,८१४ व्या अक्षरापासून सुरू होते, तर प्रतिपिंडे ज्याच्याविरुद्ध सापडली ते ५७ आम्लांचे जनुक २५,५२४ पासून, आणि त्याचे योग्य नाव ओआरएफ ३डी आहे. दोन्ही ओआरएफ ३ए याच जनुकाच्या पोटात असली, तरी त्यांचे एकही अक्षर सामाईक नाही. जुन्या सार्स विषाणूतील १५४ आम्लांच्या ३बीचे नाव भलत्याच जनुकाला चिकटवले गेले, याचा मला आजही राग येतो, कारण त्यामुळे एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

म्हणून तक्त्यात नावाआधी आरंभ आणि अंत यांचे आकडे लिहावेत.

खरे तर सुरुवात ‘एन’ जनुकापासून करायला हवी होती, कारण तिथे ही गुंतागुंत डोळ्यांनी दिसते. एका आम्लासाठी तीन अक्षरांचे एक त्रिक, अशा रीतीने त्याची पहिली अक्षरे एटीजी-टीसीटी-जीएटी-एएटी-जीजीए अशी आहेत. मी ती वहीत उतरवली आणि चौथ्या त्रिकाचे पहिले अक्षर सोडून वाचले, तेव्हा पुन्हा एटीजी, म्हणजे जनुकाच्या आरंभाची खूण, उमटले. तिथूनच ९७ आम्लांचे ओआरएफ ९बी सुरू होते, जे मायटोकाँड्रियावरील टॉम७० या प्रथिनाला चिकटून इंटरफेरॉनचा प्रतिसाद मंदावते. अल्फा प्रकारात नेमके तिसरे त्रिक, जीएटी, बदलून सीटीए झाले आणि त्या विषाणूच्या संसर्गात ९बीचे प्रमाण वाढलेले आढळले, हे वाचले तेव्हा वहीतल्या त्या तीन अक्षरांवर मी बराच वेळ बोट ठेवून होते.

एक सांगायचे राहिले : संदर्भक्रमाच्या नोंदीत ९बी दाखवलेलेच नाही, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबल्यास हे जनुक तक्त्यातून सुटते.