आमची वाटचाल : आट्याचं काम, गिरणी नाही

आम्ही आट्याचं काम करतो म्हणलं की जालन्यात निम्मे लोक विचारतात, गिरणी कुठं टाकली? म्हणून आता सरळ सांगतो, बोल्टाचे आटे, पिठाचे नाही.

सुरुवात साध्या गॅरेजनं झाली, मी आणि मेहुणा, पत्र्याचं शेड, जीप ट्रॅक्टर जे येईल ते. त्याच्याआधी मी वाळूजला एका वेंडरकडं टॅपिंग मशीनवर होतो (1985 ला बजाजचा प्लांट आल्यापासून तिकडं असे वेंडर लई), दिवसभर भोकात आटे पाडायचो, त्यामुळं हाताला सवय होती आणि डोक्यात हवा पण.

ती हवा एका ॲम्बेसेडरनं काढली. रिटायर गुरुजींची गाडी, वॉटर पंप बदलायचा होता, बोल्ट गंजलेले. मी भोकात 8 एमएमचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला, दोन फेरे मस्त गेला मग जड व्हायला लागला, वाटलं गंज असंल, लावला जोर. गंज नव्हता. ही गाडी मूळ इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, जुन्या इंजिनाला आटे इंची. 5/16 चा बोल्ट म्हणजे 7.94 एमएम, हातात घेतला तर 8 चाच वाटतो, पण 8 ला दोन आट्यांत अंतर 1.25 एमएम आणि इंची फाईनला (बारीक आट्याला) इंचात 24 आटे, म्हणजे 1.06 एमएम. दोन फेऱ्यात फरक कळत नाही, पुढं टॅप जुने आटे खात जातो. गुरुजी एवढंच म्हणले, "मोजलं नव्हतंस का रे?" त्यांच्याकडून पैसे घ्यायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायची पाती) आणला. इंची टॅपसाठी मात्र संभाजीनगरपर्यंत चकरा, जालन्यात सळयांचे एवढे कारखाने पण 5/16 चा टॅप मागितला की दुकानदार आपल्याकडंच बघतो.

गुरुजींचं ते भोक हेलिकॉइलनं वाचवलं. खराब आटे ड्रिलनं काढायचे, हेलिकॉइलचा वेगळा टॅप मारायचा, मग स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग आत फिरवत न्यायची, वरच्या तोंडापासून पाव-अर्धा फेरा खाली ठेवायची आणि खालचं शेपूट तोडायचं. आत मूळ साईजचाच बोल्ट बसतो. पद्मिनी गाडीच्या ॲल्युमिनियम हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) स्पार्क प्लगचे आटे गेले की हाच इलाज, 14 एमएमचं भोक असतंय, फक्त टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कीस सिलेंडरात पडत नाही. तरी मी हेड उतरवूनच करतो, जोखीम कशाला.

सगळ्याच भोकांना एवढं लागत नाही म्हणा. नुसता गंज, रंग अडकलेला असंल तर कापणारा टॅप घालायचाच नाही, तो चांगलं मटेरियल पण खरवडतो आणि बोल्ट ढिला होतो. आम्ही त्याच साईजच्या जुन्या बोल्टाला हॅक्सॉनं तीन उभ्या चिरा मारतो, कडा घासतो, तेल लावून हातानं फिरवतो, अर्धा फेरा पुढं, पाव मागं. फुकटात चेसर, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार. बाहेरच्या आट्याला थ्रेड फाईल (आट्यांची कानस).

धंद्याचं म्हणाल तर पहिली काही वर्षं हे सगळं फुकटच गेलं. इंजिनाचं बिल लोक देतात पण आट्याला चार तास गेले म्हणलं की "बोल्ट तर वीस रुपयाला मिळतो की शेठ". मेहुण्यानं शेवटी भोकामागं रेट लावला आणि जुने बोल्ट डब्यात घालून गिऱ्हाइकाला द्यायला लागला. तेव्हापासून घासाघीस कमी झाली, आणि आता दुसरे गॅरेजवाले पण तुटलेले स्टड (डोकं नसलेले, आत घट्ट बसवलेले बोल्ट) आमच्याकडं पाठवतात.

सध्या शेडमध्ये अंबडकडची एक जुनी विलिस जीप उभी आहे. आधीच्या मेकॅनिकनं डाव्या चाकाचे नट नेहमीसारखे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून "खोलायचा" प्रयत्न केलाय, म्हणजे अजूनच आवळलेत; असल्या जुन्या जीपला डाव्या बाजूला उलटे आटे असतात हे त्याला कुणी सांगितलं नसणार. पाचपैकी तीन स्टड गेलेत.