डुकरं, दुनळी आणि टेक्सासची रायफल

मागच्या शनिवारी मामाच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याच्या भाकरी, सगळं साग्रसंगीत. टेक्सासवाला मावसभाऊ चार वर्षांनी आला होता म्हणून खास घाट घातला होता आणि वांगी भाजता भाजता त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला, त्याच्या खांद्याला काळी कुळकुळीत रायफल. मामीला वाटलं हा मिल्ट्रीत लागला का काय.

ती एआर-१५. पहिली गोष्ट त्याने हीच सांगितली की एआर म्हणजे असॉल्ट रायफल नाही, आर्मालाइट नावाच्या कंपनीचं ते नाव आहे. आणि हे खरंय. १९५०च्या दशकात युजीन स्टोनरने ती डिझाईन केली, कोल्टने हक्क घेतले, सैन्यात गेली ती एम-१६ झाली. दुकानात मिळते तिला ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी, सैन्याच्या रायफलीसारखी धडाधड सुटत नाही. दिसायला मात्र जुळी बहीण.

आमच्यात वरणगाव ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका होते, ते इतका वेळ गप्प बसून वांगी उलटवत होते. म्हणे गोळी कोणती? भाऊ म्हणाला पाच पॉइंट पाच सहा मिलिमीटरची. काका हसायलाच लागले. अरे भो, आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीची तीच, जवळजवळ सगळी नोकरी आमची त्या मापाच्या गोळ्यांत गेली अन् गेटवर रोज झडती, गोळीची रिकामी पुंगळी खिशात सापडली असती तरी घरी बसलो असतो. आणि तू ती दुकानातून आणून राहिला?

मग सुरूच झालं सगळं.

मामाकडे आजोबांच्या वेळची बाराबोर दुनळी आहे, पीक राखायच्या लायसनवर. दोन गोळ्या झाल्या की मधून उघडायची, काडतुसं काढायची, नवीन घालायची. लायसन रिन्यू करायचं, निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची, पावती सांभाळायची. २०१९ला कायदा बदलला तेव्हापासून माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. आणि डुक्कर मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी वेगळी. म्हणजे बंदूक मुख्यतः कपाटातच असते.

भाऊ म्हणाला, आमच्याकडे पण रानडुकरांचा लय त्रास आहे, टेक्सासमध्ये शेतकरी हीच रायफल वापरतात, कळप येतो तेव्हा दोन गोळ्यांनी काय होणार. हे पण खरंय, तिकडे डुकरांनी शेतं उकरून ठेवलीयेत. त्याचं दुसरं म्हणणं, अमेरिकेत बंदुकीने होणारे बहुतेक खून पिस्तुलाने होतात, सगळ्या रायफली मिळून त्या मानाने थोडे. ह्यावर मला काही बोलता येईना कारण आपल्याकडे पण तेच आहे, चोपड्याकडे उमर्टीच्या बाजूने येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच, त्यांना कुठे लायसन लागतं.

तिसरं म्हणणं सरकारवर भरवसा नको, बंदूक बाळगायचा हक्क घटनेतच आहे आमच्या, १७९१पासून. तर मामाच म्हणाला, हे मात्र आपल्याला पण कळतं, इथेच सातपुड्यात खाज्या नाईक अन् भीमा नाईकाचे भिल्ल १८५८ला अंबापाणीला इंग्रजाशी लढले, अन् १८७८ला इंग्रजाने शस्त्रकायदा आणला तो काय आपल्या भल्यासाठी? मामा भाऊच्या बाजूने झाला की काय असं मला पाच मिनिटं वाटलं.

मला विचाराल तर तिकडची भांडणं दिसण्यावर अडकली तिथेच घोळ झाला. १९९४ला क्लिंटनच्या काळात अशा रायफलींवर बंदी आली, दहा वर्षांसाठी. पण व्याख्या काय, तर मॅगझिन म्हणजे गोळ्यांची पेटी निघणारी पाहिजे आणि वर पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, संगीन लावायची खिट्टी असल्या यादीतल्या दोन गोष्टी पाहिजेत. कंपन्यांनी खिट्टी छाटली आणि तीच रायफल परत दुकानात. जुन्या होत्या त्यांना हात पण नाही लावला. २००४ला मुदत संपली, परत वाढवली नाही. आपला कायदा हसण्यासारखाच आहे खरं तर, थ्री नॉट थ्री सैन्याची म्हणून पब्लिकला बंद, मग इशापूरच्या सरकारी कारखान्यात ३१५ बोरची रायफल बनवून तीच विकायची. पण आपल्याकडे दारातच विचारतात की कशाला पाहिजे, आणि तिथेच निम्मे लोक गळतात.

त्या ९४च्या कायद्यात एकच कामाची गोष्ट होती, दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवीन मॅगझिन विकायचं नाही. भाऊच्या फोटोत तीसवालं आहे. मी विचारलं डुकरांसाठी दहा नाही पुरत का, तर म्हणे मधेच बदलावं लागतं ना. हो ना, तेच तर. बदलावं लागतं तेवढ्यात डुक्कर पळतं, आणि माणूस पण पळतो.

युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबाराचा विषय मी मुद्दाम काढला कारण ते त्याच्याच राज्यातलं. २४ मे २०२२, १९ पोरं आणि २ शिक्षिका गेल्या. गोळ्या घालणारा पोरगा नुकताच अठराचा झालेला, रायफल दुकानातून कायदेशीर घेतलेली, कारण तिकडे दुकानातून पिस्तूल घ्यायला एकवीस लागतात आणि रायफलीला अठरा चालतात. पोलीस सव्वा तास वर्गाबाहेर थांबले. हत्यारबंद पोलीस दारात उभे राहून त्या रायफलीला घाबरतात आणि तरी म्हणायचं की ही साधी शिकारीची बंदूक आहे? भाऊ गप्प झाला. त्याची पोरगी चौथीत आहे, शाळेत लपून बसायची प्रॅक्टिस घेतात असं त्यानेच मगाशी मामीला सांगितलं होतं, अगदी सहज, स्पोर्ट्स डेबद्दल सांगावं तसं.

मामी म्हणाली जेवा आता, भरीत गार होऊन राह्यलं.

जेवणं झाली आणि दहाच्या सुमाराला मक्यात खसखस ऐकू आली. कुत्रं भुंकायला लागलं. मामा उठला, खोपटातून दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब आणले, दोन फोडले, सगळा कळप नाल्याकडे. भाऊने शूटिंग घेतलं, तिकडच्या मित्रांना पाठवतो म्हणे.

दुनळी कुठंय मामा, मी विचारलं. जमा आहे अजून, इलेक्शनपासून आणायला टाईमच नाही भेटला, आणि पावती कुठे ठेवली ते मामीला विचारावं लागेल.