पिंगच्या चौकटीतला अर्धविराम

आमच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एक छोटा गेटवे असतो. एका बाजूला सिरियल केबलवरचे मीटर, दुसऱ्या बाजूला इथरनेट, आणि मॉडबसची, म्हणजे मीटर ज्या भाषेत आकडे सांगतात तिची, ने-आण करणं हे त्याचं काम. त्याला वेब पेजही असतं. कमिशनिंगच्या (पहिल्यांदा चालू करण्याच्या) दिवशी आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि बॉड रेट, म्हणजे सिरियल केबलवरचा वेग, टाकायला ते उघडायचं, नंतर तिकडे कुणी फिरकत नाही.

मध्यंतरी एक स्पेअर गेटवे टेबलावर पडला होता. (चालू लाइनवर असले उद्योग करू नका, लाइन बसली तर रात्र पॅनेलपुढे जाते.) डायग्नोस्टिक्सच्या पानावर पिंगची, म्हणजे एखाद्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघायची, चौकट होती. आयपी टाकला, तर खाली आलेलं उत्तर हुबेहूब लिनक्सच्या टर्मिनलसारखं. तिथेच पाल चुकचुकली. आत कुणीतरी 'पिंग' या शब्दाला माझा मजकूर जसाच्या तसा जोडून शेलच्या, म्हणजे लिनक्सच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करत असणार.

आयपीपुढे अर्धविराम देऊन 'आयडी' (आज्ञा कुणाच्या नावाने चालतेय ते सांगणारी आज्ञा) लिहिलं. पानाने लाल अक्षरांत दटावलं, पत्ता चुकीचा. पण ही राखण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची. तीच विनंती कर्लने, म्हणजे ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामने, थेट पाठवली आणि पिंगच्या उत्तराखाली एक जादा ओळ आली : यूआयडी शून्य, रूट, म्हणजे उपकरणावर पूर्ण ताबा असलेला वापरकर्ता. लॉगिन लागतं, हे खरं. पासवर्ड मात्र अजून फॅक्टरीतून आलेलाच होता.

शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे एक आज्ञा संपली, पुढची घ्या. कंपनीला कळवलं, तर बऱ्याच दिवसांनी नवं फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) आलं. त्यात अर्धविराम गाळला होता, नुसता अर्धविराम! दुसरी आज्ञा घुसवायला तितकेच चालणारे पाइप (|), अँपरसँड (&), डॉलर-कंस, नवी ओळ, सगळे मोकळे. अशी अक्षरं वेचत बसण्यापेक्षा शेलच मधून काढावा. मजकूर खरोखर आयपी आहे का हे उपकरणातच तपासावं, आणि पिंगचा प्रोग्राम थेट चालवून पत्ता त्याला वेगळा आर्ग्युमेंट म्हणून द्यावा. सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या यादीत सीडब्ल्यूई-७८ या नावाने ही चूक कधीची नोंदलेली आहे, नवं काही नाही.

'मीटरच तर आहेत' असं आमच्यातलेच म्हणतात. पण साध्या मॉडबसला ओळख-पाळख विचारायची सवयच नाही. मधल्या गेटवेवर रूट मिळालेला माणूस स्काडाला, म्हणजे ऑपरेटरच्या देखरेखीच्या यंत्रणेला, हवे ते आकडे दाखवू शकतो. ऑपरेटरच्या स्क्रीनवर दाब शांत दिसेल आणि पाइपमध्ये तो चढत असेल. उलट बाजूने आलेली लिहिण्याची आज्ञाही तो बदलू शकतो.

दुसरं फर्मवेअर आलंय, या वेळी नीट. पण ते चढवायला गेटवे रीस्टार्ट करावा लागतो, म्हणजे शटडाउनची वाट बघणं आलं. तोवर फायरवॉलवर वेबचे ८० आणि ४४३ हे पोर्ट बंद केलेत, आणि मॉडबसचा ५०२ फक्त स्काडा सर्व्हरला उघडा ठेवलाय. पॅनेलच्या दाराला आतून चिठ्ठीही चिकटवली : 'वेब पेज मुद्दाम बंद आहे. बिघाड नाही.' तरी दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, गेटवेचं पेज उघडत नाही म्हणून.