चाळीस हजार किलोमीटर, सगळे बडोद्यातच

काल संध्याकाळी कंपनीतून येताना मांजलपूरला स्कूटरच्या मीटरवर ३९,९९९ दिसले. मग काय, घाई होती तरी लालबागचा ब्रिज येईपर्यंत हळूहळूच चालवली, कारण तो आकडा मला बदलताना बघायचा होता. ४०,०००! बाजूला घेऊन फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ही ॲक्टिव्हा २०१८ च्या दसऱ्याला घेतली, झेंडूचा हार घालून दांडिया बाजारात आणली, आणि शहराबाहेर ती जवळजवळ गेलेलीच नाही. म्हणजे हे सगळे किलोमीटर घर ते मकरपुरा जीआयडीसी (आपल्या एमआयडीसीसारखी कारखान्यांची वसाहत) आणि परत, मधेमधे खंडेराव मार्केटची भाजी, अकोट्याला आईकडे, लेकीचा क्लास, बस.

घरी कार आहे, ती रविवारी निघते. रोजचं काम स्कूटरचं, आणि मला ते मनापासून आवडतं. राजमहाल रोडला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या भिंतीपाशी आलं की हवा एकदम गार होते, मे महिन्यात सुद्धा, आतल्या झाडांमुळे, आणि भिंत संपली की परत झळा. काचा बंद करून जाणाऱ्याला हे कळतच नाही. थंडीत सकाळी सुरसागर तलावावरून जाताना पाण्यावर धुकं असतं, मधे तो महादेवाचा १११ फुटी पुतळा, मी रोज मनातल्या मनात नमस्कार करते. रावपुऱ्यात कुठल्या दुकानात चिवडा तळतायत ते नाकाला आधी कळतं. आणि ओळखीचं कोणी दिसलं की पाय टेकवून दोन मिनिटं बोलता येतं, हे तर कारमधून होणारच नाही. गणपती पण आमचा स्कूटरवरच येतो, त्या दिवशी चालवायचं काम ह्यांचं आणि मी मागे पाट मांडीवर घेऊन बसते, महाराष्ट्रापासून लांब राहूनही आमच्या गल्लीत त्या सकाळी अशा पाच-सहा गाड्या तरी दिसतात.

खर्चाचं म्हणाल तर रोजचे साधारण २० किलोमीटर, ४५ चं ॲव्हरेज, म्हणजे अर्धा लिटर पेट्रोल पण लागत नाही. पण स्कूटर स्वस्त पडते ती तिच्याकडे लक्ष दिलं तरच. सगळ्यात आधी हवा. स्कूटरची चाकं छोटी, माझी १० इंची, त्यामुळे खड्डा मोठ्या चाकापेक्षा जास्त जोरात लागतो आणि हवा कमी असेल तर वळताना गाडी डगमगते, ॲव्हरेजही पडतं. मी शनिवारी सकाळी, टायर थंड असताना, पुढे २२ मागे २९ भरून घेते. मागे कोणी बसणार असेल तर मागचं अजून वाढवायचं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल सगळे बदलतात, पण मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं ते आपण सांगितल्याशिवाय बरेच जण बदलत नाहीत. आणि बेल्ट! बिनगिअरची गाडी म्हणजे आत रबरी बेल्टवर चालते, तो तुटायच्या आधी काही सांगत नाही, रस्त्यातच तुटतो, इंजिन चालू आणि गाडी जागेवर. माझा पहिला २३ हजारला बदलला तेव्हा मिस्त्रींनी वाकवून दाखवला, आतून बारीक चिरा पडलेल्या. तेव्हापासून पटलंय.

आता पुराचं सांगते, कारण हे लिहायला बसले ते खरं त्यासाठीच. २०२४ चा ऑगस्ट, जन्माष्टमीचे दिवस, मी आईकडे अकोट्याला होते. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्याही वर गेलं. गाडी पार्किंगमधून वर काढायला वेळच मिळाला नाही, सकाळी बघितलं तर फक्त आरसे दिसत होते. पाणी उतरल्यावर पण खाली पाय ठेवायची भीती, कारण सोसायट्यांमधून मगरी निघत होत्या. गाडी चिखलाने माखलेली बघून रडूच आलं. मिस्त्रींना फोन केला तर त्यांचं पहिलं वाक्य, "बेन, सेल ना मारता, किक पण ना मारता." म्हणजे ताई, स्टार्टरचं बटणही दाबू नका आणि किकही मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो, मग काही हजारांचं काम कितीतरी पटीने वाढतं. आईच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी "चालू होते का बघू" म्हणून सेल मारला आणि दोघांचीही इंजिनं उघडावी लागली. माझी ढकलत नेली. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. दोनदा नवीन ऑइल घालून धुतलं, पेट्रोल सगळं काढून टाकलं, प्लग, एअर फिल्टर नवीन, बेल्टच्या कव्हरमधून ओंजळभर गाळ निघाला. नवव्या दिवशी चालू झाली.

आणि विमा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, म्हणून खूप जणांना वाटतं की पाच वर्षं काळजी नाही. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपली गाडी बुडाली, चोरीला गेली, तर त्यात एक पैसा मिळत नाही, त्यासाठी ओन डॅमेज वेगळा लागतो आणि त्याची तारीख बहुतेक वेळा वर्षात संपते. शेजारच्या काकूंची गाडी तीनच वर्षांची, कागद बघितला तर ओन डॅमेज कधीच संपलेला. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. आजच्या आज आपला कागद काढून दोन्ही तारखा बघा, प्लीज.

पावसाळा संपला की पुढची काळजी उत्तरायणची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दोऱ्यांची. डिसेंबर आला की मी हँडलला सळई लावून घेते, ती कमानीसारखी, रस्त्यावर विकायला असते. दोन वर्षांपूर्वी मांजलपूरला तिच्यावर टिंग आवाज आला, बघते तर दोरा सळईला अडकलेला, अगदी गळ्याच्या उंचीवर. चायनीज म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी येतोच कुठून तरी. गळ्याला मफलर, हेल्मेटची काच खाली, आणि लहान मुलाला पुढे उभं करायचं नाही, त्या दिवसांत तर अजिबातच नाही.

लेक पुढच्या महिन्यात १८ ची होतेय, लायसन्सची तयारी चालू आहे. परवा तिला पार्किंगमध्ये डबल स्टँड शिकवला. ती हातांनी ओढत होती, म्हटलं ओढू नकोस, हँडल सरळ धर आणि उजव्या पायाने स्टँडवर पूर्ण वजन टाक, गाडी आपोआप मागे चढते. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा चढली, मग तिनेच उतरवून परत एकदा चढवली.