रबरबँडची जादू: उडतं रबर आणि चढती अंगठी

रबरबँडचा प्रयोग जमत नसेल तर बोटांना दोष देण्याआधी रबर मोजून पाहा. परदेशी जादूगार सर्रास ‘१९ नंबर’ म्हणतात. म्हणजे चपटं धरलं तर साडेतीन इंच लांब आणि एक-सोळांश इंच रुंद. आपल्याकडे रबरं बऱ्याचदा व्यासावर आणि वजनावर विकतात, त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानात १९ नंबर मागून काही उपयोग नाही. हिशोब केला तर ते साधारण सव्वादोन इंच व्यासाचं भरतं. दोन इंचीचं पाकीट घेतलं तरी काम भागतं. शिवाय एक किंवा दीड इंचीचं छोटं पाकीट वेगळं घ्यायचं. ते कशाला, ते पुढे येईल.

हॉटेलच्या पार्सलवरचं रबर मात्र सरावालाही नको. नैसर्गिक रबराला तेल लागलं की ते मऊ पडतं, फुगतं आणि ऐन वेळी दगा देतं. नव्या पाकिटातलं रबरही तपासून घ्यावं. रबरबँड म्हणजे रबराच्या नळीच्या कापलेल्या चकत्या. कापताना कडेला खाच पडली असेल तर रबर नेमकं तिथून तुटतं. तिप्पट ताणायचं, उजेडासमोर धरून गोल फिरवायचं आणि खाच दिसली की सरळ फेकून द्यायचं. उरलेली रबरं झिपच्या पिशवीत, अंधारात ठेवा. चिमूटभर टाल्कम पावडर टाकली तर एकमेकांना चिकटत नाहीत.

सुरुवात बहुतेक जण उडत्या रबरापासून करतात. या प्रयोगाचं श्रेय स्टॅन्ली कॉलिन्स या इंग्रज जादूगाराला दिलं जातं. रबर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी अडकवायचं, हाताची मागची बाजू प्रेक्षकाकडे. तळव्याच्या बाजूने रबर आपल्याकडे ओढायचं आणि मूठ मिटता मिटता चारही बोटांची टोकं त्या फटीत घालायची. समोरून अजून दोनच बोटांत रबर दिसतं. बोटं सरळ केली की ते अनामिका आणि करंगळीवर जाऊन बसतं. इथेच छोटं रबर लागतं. दोन बोटांच्या मुळाचा घेर साधारण ११-१२ सेंटीमीटर असतो आणि दोन इंची रबराचा घेर १६. इतकं सैल रबर उडत नाही, नुसतं लोंबतं. दीड इंची जेमतेम बसतं, बारीक बोटांना एक इंचीच बरं. ते अनामिकेवरच अडकत असेल तर करंगळीचं टोक आत गेलेलं नाही असं समजा.

प्रेक्षक उभा आणि तुम्ही बसलेले असाल तर त्याला वरून थेट मुठीत दिसतं. अशा वेळी हा प्रयोग करूच नये. दुसरं रबर पीळ देत देत चारही बोटांच्या टोकांभोवती गुंफलं तरी खालचं रबर तसंच उडतं, कारण उडी बोटांच्या मुळाशी होते आणि कुलूप लागलेलं असतं टोकाला. हे कुलूप स्वतःच लावा. प्रेक्षकाच्या हाती दिलं तर तो उत्साहाने इतकं आवळतो की बोटं मिटतच नाहीत.

दोन अडकलेली रबरं एकमेकांतून आरपार निघतात, तो ‘क्रेझी मॅन्स हँडकफ्स’ नावाचा प्रयोग मायकेल अमर या अमेरिकी जादूगारामुळे जगभर पोचला. त्याची युक्ती इथे लिहीत नाही, ती ज्यांनी शिकवायला ठेवली आहे त्यांच्याकडूनच शिकावी.

माझ्या मते या सगळ्यात देखणी आहे ती चढती अंगठी. दोन इंची रबर सगळ्यांसमोर कात्रीने कापायचं, की १६ सेंटीमीटरची एक दोरी मिळते. त्यात प्रेक्षकाची अंगठी ओवायची आणि दोरी दोन हातांत तिरकी धरायची. खालच्या हाताजवळची अंगठी सावकाश चढ चढत वरच्या हाताकडे जाते.

खरं तर अंगठी रबरावरून सरकतच नाही. वरच्या चिमटीपासून जेमतेम ३ सेंटीमीटर रबर मोकळं ठेवायचं, त्याच्या खालच्या टोकाशी अंगठी, आणि बाकी सगळी शेपटी खालच्या हाताच्या मुठीत. आता हे ३ सेंटीमीटर ताणून १५ करायचे. प्रेक्षकाला वाटतं अख्खी दोरी ताणली आहे. मग हात जिथल्या तिथे ठेवून खालची चिमटी कणाकणाने सैल करायची. मुठीतलं रबर बाहेर येतं, वरचं आकसतं आणि अंगठीला आपल्याबरोबर ओढून नेतं. ८ सेंटीमीटर शेपटी बाहेर आली की दोन हातांमध्ये ११ सेंटीमीटर रबर असतं. म्हणजे सुरुवातीचे ३ सेंटीमीटर आता जेमतेम ४ सेंटीमीटर जागा व्यापतात. अंगठीने ११ सेंटीमीटर चढण केलेली असते आणि तिथे थांबायचं. आणखी सोडलं तर दोरीला झोळ पडतो आणि सगळं उघडं होतं. अंगठी वरच्या हाताला कधीच टेकत नाही, तशी अपेक्षाही निर्माण करू नका.

सगळ्यांचं अडतं ते सोडण्यात. कोरडं रबर कातडीला धरून बसतं, मग एकदम सुटतं, आणि अंगठी चढण्याऐवजी उड्या मारते. अंगठा मागे ओढू नका. त्याच्या टोकाखालून तर्जनीच्या कडेकडे दाब हळूहळू वळवत न्या. पावडर लावायची तर फक्त शेपटीला. अंगठीखालच्या भागाला लागली तर पकड जाऊन अंगठी घसरते. घामाने ओली बोटंही तितकीच वाईट. चढ तीस अंशांपासून सुरू करा. अंगठी साधं वळंच घ्यावी, कारण खड्याची अंगठी खड्याच्या वजनाने फिरते आणि डुलते. सरावाला हार्डवेअरच्या दुकानातला हलका वायसर चालतो.

आणखी एक चुगली रबर स्वतःच करतं. पाचपट ताणलेलं रबर बारीक आणि फिकट दिसतं, आकसलं की जवळजवळ दुप्पट जाड होतं. म्हणून फिक्या बदामी रंगाचं रबर घ्यावं, प्रेक्षक दोन हात दूर असावा आणि मागे खिडकी नसावी. सराव पलंगावर चादर पसरून करा. वरची चिमटी सुटली की रबर सपकन खाली येतं आणि अंगठी कुठेही उडते. दोरीची रेघ कुणाच्या डोळ्याच्या दिशेने नको.

बोलायचं काय, हा प्रश्न उरतो. ‘आता जादू बघा’ याने काही होत नाही. रबराकडेच एक खरी गोष्ट आहे, ती वापरावी. रबर झटकन ताणून लगेच ओठाला लावलं तर कोमट लागतं, आणि वजन टांगलेलं ताणलेलं रबर तापवलं तर लांबण्याऐवजी आखडतं. जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने १८०५ साली हे नोंदवलं होतं. प्रेक्षकाच्या हाती एक रबर द्या, ओठाला लावून बघू द्या, मग त्याला दोरीजवळ तळहात धरायला सांगा: ‘तुमच्या हाताच्या उबेने रबर आखडेल.’ त्याचं लक्ष वरच्या टोकाशी असलेल्या स्वतःच्या हाताकडे जातं, तुमच्या खालच्या मुठीकडे बघायला कुणी उरत नाही. तळहात वरच्या टोकाशीच हवा. मध्ये आला तर अंगठी झाकली जाते.

शेवटी खालचा हात वर नेऊन ताण पूर्ण उतरवा, मगच चिमटी सोडा. अंगठी तळहातावर घ्या आणि रबरासकट प्रेक्षकाच्या हाती द्या. तपासायला काही सापडत नाही. कापलेलं रबर पुन्हा वापरता येत नाही, म्हणून हा प्रयोग यादीत सगळ्यात शेवटी ठेवा आणि खिशात एक अखंड छोटं रबर जादा असू द्या. ‘परत करा’ असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा ते काढून उडतं रबर दाखवायचं.