देश आहे, तिजोरी रिकामी

आज अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल बघून आलो. हिरव्या कापडाची टेबलं, वॉशिंग्टनची अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची, सगळे त्याचेच फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र १७८३ चा जून घोळत राहिला. पगार थकलेल्या सैनिकांनी ह्याच इमारतीला वेढा घातला होता. काँग्रेसने (म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेच्या केंद्र सरकारने) पेनसिल्व्हेनिया राज्याकडे संरक्षण मागितलं, राज्य ढिम्म! शेवटी देशाचं सरकार गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला गेलं. (आम्ही जातो तिथे कॉफी प्यायला.)

पगार थकणारच. १७८१ च्या कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे तेरा राज्यांच्या सैलसर संघात, काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे, त्यांनी दिलं तर दिलं. आयात मालावर ५ टक्के जकात बसवायचं घाटत होतं, पण त्याला तेराही राज्यांची संमती हवी. चिमुकल्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये नकार दिला, विषय संपला. सोसायटीची मेंटेनन्स वाढवायची मीटिंग आठवली मला.

१७८७ मध्ये इथेच खिडक्या बंद करून नवी घटना लिहिली गेली. माझ्या मते खरी हुशारी मंजुरीच्या कलमात आहे: तेरा नव्हे, ९ राज्यं पुरेत. आणि मंजुरी विधिमंडळांची नाही, लोकांनी निवडलेल्या अधिवेशनांची. जुन्या नियमांत हे बसत नव्हतंच, पण त्याशिवाय गाडी हललीच नसती. ऱ्होड आयलंडने तर घटना लिहिणाऱ्या सभेला माणूसही पाठवला नाही. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, मे १७९० मध्ये ते आत आलं. तेही ३४ विरुद्ध ३२ मतांनी.