एका पायाचा जोडा

मराठीत ‘जोडा’ म्हटलं की दोन आलेच. पादत्राणांच्या संग्रहालयात कामाला लागल्यावर माझी पहिली फजिती याच शब्दाने केली. नोंदवहीत मी ‘एक जोडा’ लिहायचे आणि आमच्या बाई विचारायच्या, “म्हणजे एक की दोन?” जुन्या चपला-बुटांपैकी कितीतरी एकएकटेच उरलेले असतात.

आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ साली सापडलेला जोडाही एकाच पायाचा, उजव्या. वय सुमारे साडेपाच हजार वर्षं. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा पावलाभोवती घेऊन वादीने आवळलेला, आत गवत भरलेलं. तो टिकला गुहेतल्या कोरड्या हवेमुळे आणि वर साचलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाड थरामुळे! इथे आम्ही बुटांत भरायला आम्लरहित कागदाचे बोळे करतो, हवेतल्या ओलाव्यावर रात्रंदिवस डोळा ठेवतो. तरी पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या तळाचे अलीकडचे बूट काही दशकांतच, कुणी पायात घातले नसले तरी, विरायला लागतात. उचलावेत तर तळ हातात भुरभुरतो.

माझे लाडके मात्र ‘सरळ’ बूट. युरोपात सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक बूट डावा-उजवा न बघता एकाच आकारात शिवले जात. शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. आत बोट घालून चाचपलं की कळतं, अंगठ्याने रेटून रेटून कातड्याला एका बाजूला फुगवटा आणलाय. चांभाराने न केलेली वाटणी पायांनी करून टाकली.

कुणी जोडे देणगी द्यायला आलं, की आधी चकाचक पॉलिश करून आणतं. त्यांना काय सांगावं? आम्हाला हवा असतो तो चिखलच.

परवा एक लहान मुलाचा बूट टेबलावर होता. जुन्या घराच्या धुराड्यात लपवलेला. इंग्लंडमध्ये असे बूट भिंतींत, धुराड्यांत खूप सापडतात. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची वेगळी नोंदच ठेवतात. बहुतेक एकेकटे आणि पार झिजलेले. पीडा टाळायला ठेवत असावेत, असा कयास आहे.

वस्तूजवळ शाईला बंदी, म्हणून शिसपेन्सिलीने ‘अवस्था’ या रकान्यात लिहिलं : पुढे भोक, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. पुढे ‘पोर फेंगडं चालत असावं’ असंही लिहिलं. मग बाई येताना दिसल्या, तेवढं खोडून टाकलं.